प्रकल्प नोंदी: एडवर्ड तिसरा ते हेन्री सातवा, लग्नांचा आणि नात्यांचा तक्ता

४ जून २०२४

हद्द ठरली. सुरुवात इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याच्यापासून (जन्म १३ नोव्हेंबर १३१२), शेवट हेन्री सातवा आणि एलिझाबेथ ऑफ यॉर्क यांच्या लग्नावर (१८ जानेवारी १४८६). मधल्या काळातल्या, राजघराण्याच्या लँकेस्टर आणि यॉर्क या दोन शाखांमधल्या गादीसाठीच्या लढाया म्हणजे एकाच आजोबांच्या वंशजांची भाऊबंदकी. पण बहुतेक छापील तक्त्यांत बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ तेवढी ठळक असते आणि बायका कंसात जातात. या घराण्यापुरतं तरी ते चालणार नाही. यॉर्कांचा गादीवरचा सर्वांत भक्कम हक्क एडवर्ड तिसऱ्याचा मुलगा लायोनेल याच्या एकुलत्या मुलीकडून, फिलिपाकडून आला. हेन्री सातव्याचा आला आईकडून, मार्गारेट बोफर्टकडून. म्हणून प्रत्येक बाईची नोंद पुरुषाच्या नोंदीइतकीच पूर्ण भरायची: जन्म, आईबाप, सगळी लग्नं, माहेरची जहागीर, मृत्यू.

पाच पानांची स्प्रेडशीट: व्यक्ती, जोडपी, मुलं, आडकाठ्या, परवानग्या. शेवटची दोन पानं हा या कामाचा गाभा. त्या काळी राजघराण्यातलं लग्न ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागत: नातं किती जवळचं, पोपची सूट मिळाली का, आणि जहागीर कुठे जाते. तक्त्यावर नुसती आडवी रेघ ओढली की या तिन्ही गोष्टी दिसेनाशा होतात.

९ जून

व्यक्ती क्रमांक सरळ चढत्या क्रमाने द्यायचे. क्रमांकात पिढी किंवा घराणं गुंफायचं नाही, कारण एकच माणूस दोन रांगांनी दोन वेगळ्या पिढ्यांत येतो (पुढे रिचर्ड ऑफ यॉर्कच्या नोंदीत ते दिसेल).

नाव लिहिताना जन्मनाव आणि जन्मगाव किंवा माहेर. किताब वेगळ्या रकान्यात, ‘पासून–पर्यंत’ अशा तारखांसह. ‘ड्यूक ऑफ क्लॅरेन्स’ म्हटलं तर तीन माणसं निघतात: एडवर्ड तिसऱ्याचा मुलगा लायोनेल, हेन्री चौथ्याचा मुलगा थॉमस आणि एडवर्ड चौथ्याचा भाऊ जॉर्ज. नोव्हेंबर १४७० मध्ये गादीशी थेट संबंध असलेले तीन एडवर्ड जिवंत आहेत: एडवर्ड चौथा, त्याचा नुकताच जन्मलेला मुलगा, आणि हेन्री सहाव्याचा मुलगा एडवर्ड ऑफ वेस्टमिन्स्टर.

सगळ्यांत फसवी जोडी हॉलंड बहिणींची. केंटचा दुसरा अर्ल थॉमस हॉलंड याच्या दोन मुलींचं नाव एलिनॉर. एक मॉर्टिमर घराण्यात दिली, मार्चच्या अर्लला. दुसरी माँटाग्यू घराण्यात, सॉल्झबरीच्या अर्लला. इंग्रजी पुस्तकांत एकीचं स्पेलिंग थोडं निराळं ठेवतात, पण मूळ कागदांत तो फरक पाळलेला नाही. आईबाप तेच, नाव तेच, म्हणून सॉफ्टवेअर ‘दुबार नोंद’ म्हणून दोघींना एकत्र करायला सुचवतं. तसं केलं तर मॉर्टिमर आणि माँटाग्यू या दोन वेगळ्या रांगा एकाच बाईवर येऊन पडतात आणि खालच्या दोन-तीन पिढ्यांतली सगळी नाती एका पायरीने जवळ सरकतात. दोघींच्या नोंदीवर ‘एकत्र करू नये’ ही खूण लावून ठेवली.

टायपिंगचा नियमही इथेच: ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाकायचं, ‘अ’ वर चंद्र जोडून नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी. ‘ॲन नेव्हिल’ शोधलं आणि निम्म्याच नोंदी आल्या तर आधी हे तपासावं.

१५ जून

तारखांचे दोन रकाने केले: कागदावर जशी आहे तशी, आणि आजच्या पद्धतीने.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवं साल २५ मार्चला लागे. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख जुन्या कागदावर एक साल मागे दिसते. एडवर्ड तिसरा आणि फिलिपा ऑफ एनो यांचं यॉर्कमधलं लग्न आजच्या हिशेबाने २४ जानेवारी १३२८, त्यांच्या हिशेबाने १३२७. एका सालाच्या फरकाने काय बिघडतं याचं ठसठशीत उदाहरण ॲन नेव्हिलचं. रिचर्ड तिसऱ्याची ही राणी १६ मार्च १४८५ रोजी वारली. जुन्या हिशेबाने ते साल १४८४. तिचा एकुलता मुलगा एडवर्ड गेला १४८४ च्या एप्रिलच्या सुमारास. जुनं साल तसंच उतरवलं तर आई मुलाच्या आधी गेली असं होतं, आणि वारस गेल्यानंतरचं राजा-राणीचं शेवटचं वर्ष तक्त्यातून पुसलं जातं. इथे पडताळणीला आकाश मदतीला येतं: राणी गेली त्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आणि खगोलगणिताने ते १६ मार्च १४८५ लाच पडतं.

दुसरी पद्धत राज्यवर्षाची. एडवर्ड चौथ्याचं राज्यवर्ष ४ मार्चला सुरू होतं, पहिलं १४६१ चं. म्हणून ‘एडवर्ड चौथा, वर्ष ४’ म्हणजे ४ मार्च १४६४ ते ३ मार्च १४६५. एलिझाबेथ वुडव्हिलशी त्याचं गुपचूप लग्न (१ मे १४६४) आणि तिच्या भावाचं लग्न (जानेवारी १४६५) ही दोन्ही एकाच राज्यवर्षात बसतात. राजांची यादी आणि आरंभतारखा वेगळ्या पानावर ठेवून सूत्राने साल काढायचं, हाताने नाही.

गेडकॉम (वंशावळीच्या सॉफ्टवेअरची) फाइलमध्ये १३२७/२८ असं जोडसाल चालतं. स्प्रेडशीटच्या तारखेच्या रकान्यात ते चालत नाही. शिवाय १९०० च्या आधीच्या तारखा काही स्प्रेडशीट तारीख म्हणून ओळखतच नाहीत. म्हणून दिवस, महिना, साल असे तीन वेगळे आकडे.

२२ जून

नात्याची पायरी मोजायचा नियम पक्का केला. सगळी आकडेमोड यावर उभी आहे.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने निषिद्ध नात्यांची मर्यादा सात पायऱ्यांवरून चारवर आणली. मोजणी अशी: दोघांचा समान पूर्वज शोधायचा, त्याला शून्य धरायचं, तिथून खाली प्रत्येकापर्यंत किती पिढ्या ते मोजायचं. सख्खी भावंडं १/१, चुलत-मामे-आते-मावस भावंडं २/२, त्यांची मुलं एकमेकांना ३/३, नातवंडं ४/४. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर लांब बाजू निर्णायक. लांब बाजू पाचवर गेली की परवानगीची गरज नाही. आईकडचं आणि बापाकडचं नातं एकाच मापाने मोजतात. सावत्र नातंही सख्ख्याइतकंच धरतात.

आपल्याकडचा वाचक सपिंडाच्या सवयीने मोजेल, तिथे एकाचा फरक पडतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजतात, आणि बापाकडून पाच, आईकडून तीन अशा वेगळ्या मर्यादा आहेत. चर्चच्या मोजणीतली चौथी पायरी म्हणजे सपिंडाच्या मोजणीतली पाचवी पिढी. तक्त्याच्या कोपऱ्यात ही टीप जायलाच हवी.

रक्ताच्या नात्याशिवाय आणखी तीन आडकाठ्यांना रकाने:

सोयरीक. नवरा वारला की त्याचे रक्ताचे नातेवाईक बायकोला चार पायऱ्यांपर्यंत निषिद्ध, आणि उलटही. पण सोयरिकीतून पुढची सोयरीक निघत नाही. एका भावाची बायको आणि दुसऱ्याची बायको सख्ख्या बहिणी असायला काही हरकत नव्हती.

धर्मनातं. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता झालेल्या माणसाला त्या मुलाच्या आईशी लग्न करायला सूट लागे.

आधीचं वचन. साक्षीदार नसले तरी ‘मी तुला आता वरतो’ असं दोघांनी म्हटलं की चर्चच्या लेखी लग्न झालं. पुढचं लग्न त्याने रद्द ठरू शके.

२९ जून

नियमाची चाचणी जुन्या लग्नांवर.

एडवर्ड तिसरा आणि फिलिपा: दोघांच्या आया एकमेकींच्या सख्ख्या चुलत बहिणी, फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपच्या नाती. ३/३. परवानगी १३२७ ची, लग्नाच्या आधीची. स्वच्छ नोंद.

एडवर्ड तिसऱ्याचा थोरला मुलगा ‘काळा राजपुत्र’ एडवर्ड आणि जोन ऑफ केंट (१० ऑक्टोबर १३६१, विंडसर): इथे चारपैकी तीन रकाने भरतात. जोन एडवर्ड पहिल्याची नात, राजपुत्र पणतू; म्हणजे ती त्याच्या बापाची चुलत बहीण, आजी वेगळी. २/३. फ्रान्सच्या बाजूने आणखी ३/४, कारण जोनची आजी मार्गारेट तिसऱ्या फिलिपची मुलगी. शिवाय तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाचा राजपुत्र धर्मपिता. आणि पहिला नवरा कोण, हाच एके काळी खटला होता. तिने थॉमस हॉलंडशी गुपचूप लग्न केलं होतं, नंतर घरच्यांनी सॉल्झबरीच्या अर्लशी लावून दिलं. १३४९ मध्ये पोपने हॉलंडचं लग्न खरं ठरवून दुसरं रद्द केलं. हॉलंड १३६० मध्ये वारला, पण सॉल्झबरी जिवंत होता आणि १३९७ पर्यंत होता. म्हणून जोनच्या जोडप्यांच्या पानावर तीन ओळी: वैध, रद्द, वैध. रद्द झालेली ओळ काढायची नाही. काढली तर पोपच्या परवानगीत एवढी काळजी का घेतली ते कळत नाही.

७ जुलै

जॉन ऑफ गॉन्ट, एडवर्ड तिसऱ्याचा मुलगा. या तक्त्यातला सगळ्यांत वर्दळीचा माणूस. लग्नं तीन.

ब्लँच ऑफ लँकेस्टर, १९ मे १३५९. दोघंही हेन्री तिसऱ्यापासून चौथ्या पिढीत, ४/४. लँकेस्टरची जहागीर या लग्नाने आली.

कॉन्स्टन्स ऑफ कॅस्टील, सप्टेंबर १३७१. पुढच्या जुलैत तिची धाकटी बहीण इझाबेला गॉन्टच्या धाकट्या भावाला, एडमंड ऑफ लँगलीला दिली. बहिणी जावा झाल्या, भाऊ साडू. यॉर्क घराणं याच दुसऱ्या जोडप्याचं.

कॅथरिन स्विनफर्ड, जानेवारी १३९६, लिंकन. दोघांची चारही मुलं (आडनाव बोफर्ट) या लग्नाच्या कितीतरी आधीची, कॉन्स्टन्स हयात असतानाची. इथे ‘औरस की अनौरस’ असा एकच रकाना पुरत नाही. दर्जा हा तारखेप्रमाणे बदलणारा. म्हणून वेगळं पान: तारीख, कोणी ठरवलं, कितपत. बोफर्टांच्या ओळी: जन्मतः अनौरस, सप्टेंबर १३९६ पोपकडून लग्नाला आणि मुलांना मान्यता, फेब्रुवारी १३९७ पार्लमेंटमध्ये राजाच्या सनदेने औरस, फेब्रुवारी १४०७ हेन्री चौथ्याने ती सनद पुन्हा देताना ‘राजपद वगळून’ हे शब्द घातले. पार्लमेंटसमोर झालेली गोष्ट राजाला एकट्याने आकुंचित करता येते का, हा वाद तेव्हापासून आहे. तक्त्यात निकाल द्यायचा नाही, दोन्ही ओळी ठेवायच्या.

गॉन्टचा मुलगा हेन्री (पुढे चौथा) आणि मेरी डी बोहन यांची नोंदही आजच. बोहनांची अफाट जहागीर दोन मुलींत वाटली जायची होती. थोरली एलिनॉर गॉन्टचा धाकटा भाऊ थॉमस ऑफ वुडस्टॉक याच्या घरात होतीच. धाकटी मेरी नन झाली असती तर सगळं थॉमसला मिळालं असतं. गॉन्टने तिला सून करून घेतलं आणि अर्धा वाटा आपल्याकडे वळवला. एलिनॉर हेन्रीची काकू, आणि मेहुणीही. हे सोयरिकीतून आलेलं नातं, त्याला परवानगी नको. रक्ताची नाती मात्र होती: लँकेस्टरच्या बाजूने ३/३, एडवर्ड पहिल्याकडून ४/४.

थॉमस-एलिनॉरच्या मुलीचं, ॲनचं लग्न स्टॅफर्डच्या अर्लशी झालं. तो १३९२ मध्ये वारला आणि ती दिराला दिली गेली. सोयरीक पहिल्या पायरीची. यादीत इतकी जवळची सोयरीक हीच.

१४ जुलै

यॉर्कची बाजू. रिचर्ड, केंब्रिजचा अर्ल (एडमंड ऑफ लँगलीचा मुलगा) आणि ॲन मॉर्टिमर. ॲनची आजी फिलिपा ही रिचर्डची सख्खी चुलत बहीण. एडवर्ड तिसऱ्यापासून तो २, ती ४. परवानगी मे १४०८ ची, लग्न झाल्यानंतरची. परवानग्यांच्या पानात ‘लग्नाआधी/लग्नानंतर’ हा रकाना यासाठीच.

त्यांचा मुलगा रिचर्ड ऑफ यॉर्क (जन्म सप्टेंबर १४११). एडमंडकडून मोजला तर एडवर्ड तिसऱ्यापासून तिसरी पिढी, लायोनेलकडून मोजला तर पाचवी. पिढीप्रमाणे आडव्या ओळी आखल्या की हा माणूस दोन ओळींत येतो आणि आराखडा मोडतो. म्हणून ओळी पिढीच्या नाहीत, जन्मसालाच्या करायच्या. ए-वन कागद आडवा, उंची ५९४ मिमी. १३१० ते १४९० ही १८० वर्षं, वर्षाला ३ मिमी, म्हणजे ५४० मिमी. वर-खाली २७-२७ मिमी समास. चौकट ४२ × १४ मिमी. पाच वर्षांपेक्षा कमी अंतराची भावंडं शेजारी शेजारी बसतात. हा आराखडा आणखी एक गोष्ट दाखवतो: लायोनेलच्या रांगेत लग्नं आणि मुलं लवकर, एडमंडच्या रांगेत उशिरा. दोन पिढ्यांची तफावत इथूनच आली.

रिचर्ड ऑफ यॉर्क आणि सेसिली नेव्हिल: तिची आई, गॉन्टची मुलगी जोन बोफर्ट, आणि त्याचे वडील सख्खी चुलत भावंडं. ३/३. त्यांच्या मुलाच्या, एडवर्ड चौथ्याच्या पूर्वजांत एडवर्ड तिसरा तीन ठिकाणी येतो: एडमंडकडून, लायोनेलकडून, आणि सेसिलीमार्फत गॉन्टकडून. यॉर्क राजाच्या अंगात लँकेस्टरच्या गॉन्टचं रक्त आहे हे लाल-पांढऱ्या गुलाबाच्या चित्रांत कधी दिसत नाही. मुख्य तक्त्यात ते पहिल्या नजरेला दिसलं पाहिजे.

२१ जुलै

वुडव्हिल. एडवर्ड चौथा आणि एलिझाबेथ यांच्यात यादीपुरतं निषिद्ध नातं नाही. गुंता तिच्या भावाच्या लग्नात. जॉन वुडव्हिल विशीच्या आसपासचा. बायको कॅथरिन नेव्हिल, नॉरफोकच्या ड्यूकची विधवा, सेसिलीची थोरली बहीण. म्हणजे राजाची सख्खी मावशी राजाच्या मेहुण्याची बायको झाली. वॉरिकच्या अर्लची, म्हणजे ॲन नेव्हिलच्या वडिलांची, ती सख्खी आत्या. तिचं हे चौथं लग्न.

त्या काळच्या एका लॅटिन वृत्तांतात तिचं वय ८० च्या घरात दिलं आहे आणि ते आजही उतरवलं जातं. ते अशक्य आहे. तिचे आईबाप, राल्फ नेव्हिल आणि जोन बोफर्ट, यांचं लग्न १३९६ च्या आसपासचं. राल्फची पहिली बायको त्याच वर्षी जूनमध्ये वारली होती. जानेवारी १४६५ मध्ये कॅथरिन फार तर ६८ ची. असं प्रत्येक वय आईबापांच्या लग्नाच्या तारखेशी ताडून पाहायचं सूत्र लावलं. तरुण नवरदेवाला काय मिळत होतं तेही नोंदवलं: विधवेला नवऱ्याच्या जमिनींचा एक तृतीयांश हिस्सा तहहयात मिळे, आणि कॅथरिन आधीच तीनदा विधवा झालेली. जॉनचा १४६९ मध्ये शिरच्छेद झाला. कॅथरिन त्याच्यामागेही जगली.

४ ऑगस्ट

एडवर्ड चौथ्याचा धाकटा भाऊ रिचर्ड ऑफ ग्लॉस्टर (पुढे रिचर्ड तिसरा) आणि ॲन नेव्हिल. सर्वाधिक वेळ मागणारी जोडी. इथली पद्धत पायरीपायरीने लिहून ठेवतो, बाकीच्या जोडप्यांना तीच लावायची.

१. दोघांच्या चार पिढ्या वरपर्यंतच्या चौकटी भरायच्या: २ + ४ + ८ + १६ = ३० प्रत्येकी. रिचर्डच्या ३० चौकटींत २८ माणसं भरतात, कारण एडवर्ड तिसरा आणि फिलिपा दोनदा येतात. गॉन्टच्या सासूची चौकट, म्हणजे कॅथरिन स्विनफर्डच्या आईची, नावाविना.

२. दोन्ही याद्यांत समान क्रमांक शोधायचे. नवरा-बायको दोघंही समान असतील तर एकच मूळ धरायचं.

३. जो समान पूर्वज दोन्ही बाजूंनी आधीच सापडलेल्या, जवळच्या समान पूर्वजातूनच येतो, तो काढून टाकायचा. गॉन्ट दोन्ही याद्यांत आहे, पण दोन्हीकडे जोन बोफर्टमार्फतच. त्याला वेगळं मोजलं तर एकच नातं दोनदा मोजल्यासारखं.

४. उरलेल्या प्रत्येक मुळासाठी दोन आकडे.

उरतात तीन. राल्फ नेव्हिल आणि जोन बोफर्ट: रिचर्ड २, ॲन ३ (तिचे वडील वॉरिक हे रिचर्डचे सख्खे मामेभाऊ). एडमंड ऑफ लँगली आणि इझाबेला: रिचर्ड ३, ॲन ४, आईकडून, कॉन्स्टन्स ऑफ यॉर्क आणि इझाबेल डिस्पेन्सर यांच्यामार्फत. थॉमस हॉलंड आणि ॲलिस फिट्झॲलन: ४/४. त्या दोन एलिनॉर इथे लागतात. एक रिचर्डच्या आजीची आई, दुसरी वॉरिकची आजी. दोघींना एकत्र केलं असतं तर हेच नातं ३/३ निघालं असतं.

रिचर्डचा थोरला भाऊ जॉर्ज आणि ॲनची बहीण इझाबेल (११ जुलै १४६९, कॅले) यांना हेच आकडे जसेच्या तसे.

आता सोयरीक. ॲनचा पहिला नवरा एडवर्ड ऑफ वेस्टमिन्स्टर, लग्न डिसेंबर १४७०, तो ४ मे १४७१ ला ट्यूक्सबरीला मारला गेला. गॉन्टपासून तो ४ (हेन्री चौथा, पाचवा, सहावा, एडवर्ड), रिचर्ड ३ (जोन, सेसिली, रिचर्ड). म्हणजे ३/४. व्हॅटिकनच्या दप्तरात सापडलेली २२ एप्रिल १४७२ ची सूट नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या सोयरिकीचीच आहे. चौकटींच्या गणिताचा आणि कागदाचा असा मेळ बसला की पद्धतीवर विसंबता येतं. त्या कागदात रक्ताच्या २/३ नात्याचा उल्लेख नाही. म्हणून परवानग्यांच्या पानात प्रत्येक आडकाठीपुढे स्वतंत्र ओळ: सोयरीक ३/४ पुढे तारीख, रक्त २/३, ३/४, ४/४ पुढे रिकामं. ‘परवानगी मिळाली’ असं एकच उत्तर भरायचं नाही.

रिकाम्या ओळीचं वजन जहागिरीच्या कागदातून कळतं. वॉरिकच्या दोन मुली, दोन जावई, दोघं सख्खे भाऊ. बीचम आणि डिस्पेन्सर घराण्यांच्या जमिनी मुळात मुलींच्या आईच्या, ॲन बीचमच्या. १४७४ च्या कायद्याने ती मेली आहे असं समजून वाटणी केली. ती १४९२ पर्यंत जगली. त्याच कायद्यात असं कलम आहे की रिचर्ड आणि ॲन यांचं लग्न पुढे रद्द झालं, तरी रिचर्डने दुसरं लग्न केलं नाही तर जमिनी तहहयात त्याच्याकडेच राहाव्यात. लग्नाच्या वैधतेबद्दलची शंका त्या वेळीच कुणाच्या तरी मनात होती, एवढं त्यातून नक्की दिसतं. जिवंत बाईला मेलेली ठरवणारी ही ओळ तिच्या मृत्यूच्या रकान्यात शिरू नये म्हणून ‘कायद्याने मृत मानले’ असा वेगळा रकाना.

११ ऑगस्ट

एडवर्ड चौथ्याच्या मुलांचा दर्जा. १४८४ च्या जानेवारीतल्या पार्लमेंटने असं ठरवलं की राजाने वुडव्हिलच्या आधी एलिनॉर बटलर हिला लग्नाचं वचन दिलं होतं, त्यामुळे दुसरं लग्न रद्द आणि मुलं अनौरस. ती बाई १४६८ मध्येच वारली होती. हेन्री सातव्याच्या पहिल्या पार्लमेंटने तो कायदा न वाचताच रद्द केला आणि प्रती नष्ट करायला सांगितलं. दर्जाच्या पानावर दहाही मुलांच्या ओळी: जन्मतः औरस, १४८४ अनौरस, १४८५ पासून पुन्हा औरस. एलिनॉरची रेघ तुटक, शेजारी ‘१४८४ च्या कायद्यातला दावा’.

सॉफ्टवेअरने मार्गारेट बोफर्टवर वयाचा इशारा दिला: जन्म ३१ मे १४४३, मुलगा हेन्री २८ जानेवारी १४५७. आई १३ वर्षं आणि जवळपास ८ महिन्यांची, तीही विधवा, कारण एडमंड ट्यूडर नोव्हेंबरातच गेला. माहिती बरोबर आहे. इशारा बंद करायचा नाही, टीप जोडून ठेवायचा. तिला पुन्हा मूल झालं नाही. एका लहान मुलीच्या अंगावर काय ओढवलं ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं, म्हणून छापील तक्त्यातही तिचं वय घालायचं.

१८ ऑगस्ट

हेन्री सातवा आणि एलिझाबेथ. गॉन्टपासून हेन्री ४ (जॉन बोफर्ट, त्याचा मुलगा जॉन, मार्गारेट, हेन्री), एलिझाबेथ ४ (जोन, सेसिली, एडवर्ड चौथा, एलिझाबेथ). ४/४, मर्यादेच्या अगदी काठावर. दुसरी वाट थॉमस हॉलंडची: हेन्री ४, पण एलिझाबेथ ५, म्हणून बाहेर. एडवर्ड तिसऱ्याकडून लायोनेल-एडमंडच्या वाटांनीही पाच किंवा जास्त. म्हणजे या तक्त्यापुरती सूट लागते ती एकाच नात्याला. पोपच्या प्रतिनिधीने ती १६ जानेवारी १४८६ ला दिली, लग्न १८ ला, आणि खुद्द पोपचं शिक्कामोर्तब मार्चमध्ये. तीन वेगळ्या ओळी.

त्यांच्या मुलाच्या, हेन्री आठव्याच्या पूर्वजांत एडवर्ड तिसरा चार ठिकाणी: बापाकडून एकदा, आईकडून तीनदा.

२५ ऑगस्ट

हद्दीबाहेरची एक पुरवणी, मराठी वाचकांसाठी ठेवलीच पाहिजे अशी. गॉन्ट आणि ब्लँच यांची मुलगी फिलिपा १३८७ मध्ये पोर्तुगालच्या जुवांव राजाला दिली. तिच्यापासून: दुआर्ते, फर्नांदो, इझाबेल, जायमे, तेओदोझियो, जुवांव, दुसरा तेओदोझियो, जुवांव चौथा, आणि कॅथरिन ऑफ ब्रगांझा. मुंबई आंदण म्हणून आणणारी हीच राणी. करार जून १६६१ चा, लग्न मे १६६२ चं. नवरा चार्ल्स दुसरा: जॉन बोफर्ट, जॉन, मार्गारेट, हेन्री सातवा, मार्गारेट ट्यूडर, जेम्स पाचवा, मेरी, जेम्स सहावा, चार्ल्स पहिला, चार्ल्स दुसरा. या रांगांनी मोजलं तर नवरा-बायको दोघंही गॉन्टपासून दहाव्या पिढीत, १०/१०. एक ब्लँचकडून, एक कॅथरिन स्विनफर्डकडून. चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंडांवर कंपनीला दिली.

मुख्य कागदावर ही फांदी मावत नाही. खाली उजवीकडे ९० × १८० मिमीचा वेगळा पट्टा, त्यात वर्षाचं प्रमाण अर्थातच निराळं.

१ सप्टेंबर

छपाईची तयारी. रक्ताच्या रेघा काळ्या, ०.५ मिमी. लग्नाच्या दुहेरी लाल. रंगीत रेघ ०.२५ मिमीच्या खाली गेली की छपाईत तुटते, आणि मग वैध लग्न तुटक, म्हणजे वादग्रस्त दिसतं. तुटक रेघेत तुकडा ३ मिमी, मोकळी जागा २ मिमी, म्हणजे शंका राहणार नाही. आडव्या रेघेवरून उभी जाते तिथे छोटी कमान. नुसती फुली पडली तर चारही दिशांना नातं आहे असं वाचलं जातं.

चौकटीत तीन ओळी: नाव, जन्म–मृत्यू, आडकाठीचा आकडा. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट. त्याहून कमी केलं की ‘नेव्हिल’ची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला चिकटते. लग्नाच्या रेघेवर मधोमध ‘३/३’ असा शिक्का, परवानगी असेल तर भरीव गोल, नसेल तर पोकळ. रिचर्ड आणि ॲनच्या रेघेवर चार गोल येतात: एक भरीव, तीन पोकळ.

प्रूफ वाचणाऱ्याने प्रत्येक शिक्का बोटाने वर मोजत मूळ पूर्वजापर्यंत जायचं आणि परत खाली यायचं. आकडा जुळला तरच टिकमार्क.